कारकुनाच्या आतला हात

माझ्या कपाटात एक कोंबडी आहे. ती कापडाची आहे, तिला चष्मा आहे आणि डाव्या पंखाखाली खडू ठेवायला खिसा आहे. कायद्याने पाहिलं तर कोंबडी माझी आहे, पण तिच्यातली बाई माझी नाही. ती हिंजवडीतल्या एका कंपनीची आहे. म्हणजे मी कोंबडी धुऊ शकते, उन्हात वाळवू शकते, डांबराच्या गोळ्या घालून ठेवू शकते. पण तिच्यात हात घालून चार माणसांसमोर "पोरांनो, शांत बसा" म्हटलं तर मला नोटीस येऊ शकते. हेच वाक्य मी शाळेच्या ग्रंथालयात निवृत्त होईपर्यंत कोंबडीशिवायही म्हणत होते. त्याचं काय, हे करारात स्पष्ट नाही.

कोंबडी दुय्यम होती. मुख्य होता तो कावळा.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. शाळा पेठेत, सर मितभाषी, आणि त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी. पुठ्ठा कापायच्या यंत्रात ती शाळेच्याच कामासाठी गेली होती. स्नेहसंमेलनाला राजवाडा हवा होता. सरांनी रजेचा अर्ज केला. तो कचेरीत गेला आणि पुढे सर जेव्हा जेव्हा चौकशीला गेले, तेव्हा तेव्हा कचेरीतल्या कारकुनांनी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे सरांना कळलं नाही. जखम भरली, पट्टी निघाली, सर कामावर आले, राजवाडाही उभा राहिला. अर्जाचं काय झालं ते शेवटपर्यंत समजलं नाही.

त्या वर्षी सरांनी काळ्या पॉपलिनचा एक कावळा केला. हातमोज्यासारखा हातात घालायचा. चोच पुठ्ठ्याची, डोळे जुन्या कोटाच्या बटणांचे, गळ्यात उपरणं आणि पंखाखाली फाइल. त्याचं नाव फक्त कारकून. असल्या बाहुलीत तर्जनी डोक्यात जाते, अंगठा आणि मधलं बोट दोन्ही हातांत. सरांना पुरी तर्जनी नव्हती, म्हणून त्यांनी डोक्यात मधलं बोट घातलं आणि तर्जनीचं खोड मानेच्या बाजूला अडकलं. त्यामुळे कावळ्याची मान कायम डावीकडे कललेली राहायची, आणि खाली-वर करायला गेलं की ती खाली न जाता तिरकी जायची. होकार द्यायला सुरुवात व्हायची आणि अर्ध्यात नकारासारखं काहीतरी व्हायचं. सरांनी आधी दुरुस्तीचा प्रयत्न केला. मग त्यांच्या लक्षात आलं की ही मान आपण कुठेतरी पाहिली आहे.

कोंबडी माझ्याकडे आली कारण सरांच्या मते माझा आवाज मुळातच तसा होता. शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या बाई, आणि मी ग्रंथपाल असूनही बाईच. तेव्हा कोंबडीलाही बाईच म्हणायचं ठरलं. आमचा खेळ म्हणजे एवढाच: बाई कचेरीत जाते, कारकुनाला अर्जाचं विचारते.

"कारकून, माझा अर्ज पोचला का?"

"पोचला. पोचून पुढे गेला."

"पुढे म्हणजे कुठे?"

"मागे."

"म्हणजे मंजूर झाला की नाही?"

यावर कारकून मान हलवायचा. अर्धी मुलं "हो!" म्हणून ओरडायची, अर्धी "नाही!" म्हणून. मग दोन्ही बाजूंची भांडणं. सर पडद्यामागे शांत बसलेले असायचे आणि भांडण जरा ओसरलं की पुन्हा एकदा मान हलवायचे. अर्जाचा निकाल त्यांनी एकाही खेळात लावला नाही. कचेरीतले मूळ कारकून दरवर्षी पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसत. "अगदी अशी माणसं असतात हो," असं त्यांनी मला एकदा सांगितलंही.

खेळ शाळेतून गणेशोत्सवाच्या मांडवात गेला, तिथून काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात. मग पोस्टकार्डं यायला लागली. पत्ता: कारकून, कावळा, पुणे. पोस्टमन ती सरांच्या घरी आणून टाकायचा आणि जाताना "अर्ज आलेत" म्हणायचा. मुलं विचारायची, मी यंदा पास होईन का, आमची बदली होणार आहे का, आईला बरं वाटेल का. सर प्रत्येक कार्डाला उत्तर लिहीत. उत्तरात फक्त कावळ्याचं कललेलं डोकं काढलेलं असे. आईबद्दल विचारणाऱ्याला मात्र खाली एक ओळ असे: "बरं वाटेल. हे कारकुनाने नाही, मी लिहिलं आहे."

काही संस्थांना ही कला पुढच्या पिढीकडे जावी असं वाटे. त्या सरांचे सत्कार करायच्या. शाल, नारळ, आणि दीपप्रज्वलनात वारा. त्यानंतर कुणीतरी सरांना सांगे, की एखादा शिष्य तयार करा, कारकून त्याच्या हाती द्या. सर म्हणत, "कारकुनाची बदली होत नाही." लोकांना तो विनोद वाटे.

शेवटच्या आजारात सर आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणाले, "त्याच्यात कुणाला हात घालू देऊ नकोस. तो हो म्हणायला लागेल." वहिनी म्हणाल्या, "बरं." हे मला वहिनींनीच सांगितलं, आणि सांगताना 'बरं' असं म्हणाल्या की जणू दूध उतू जाऊ देऊ नकोस असं सांगितलं होतं.

दहाव्या दिवशी घाटावर आम्ही तीस-एक माणसं होतो. वहिनी आल्या होत्या, याबद्दल दोघा नातेवाइकांनी काही न बोलता नाराजी व्यक्त केली. पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट बघणं सुरू झालं. पलीकडे वीसेक पावलांवर दुसऱ्या एका कुटुंबाचे पिंड होते आणि झाडावरचे सगळे कावळे तिथे. आमच्याकडे एकही फिरकेना.

अशा वेळी गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल याचा अंदाज करायचा आणि ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो. मग कावळा येऊन पिंडाला शिवतो, असं मानतात. मुलगा पुढे झाला. "बाबा, आईची काळजी घेईन." कावळा नाही. "चित्रांचं प्रदर्शन भरवू." नाही. शाळेचे मुख्याध्यापक पुढे झाले आणि म्हणाले की कलादालनाला सरांचं नाव देण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवण्यात येईल. एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

"कारकूनच आणायला पाहिजे होता," वहिनींचे दीर माझ्या कानात म्हणाले. "दोन मिनिटांत काम झालं असतं."

"दोन मिनिटांत?" मी म्हटलं. "तो?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिवायची सोय आहे. करू या का?" त्यांनी दर्भ हातात घेतला. म्हणजे सरांच्या पिंडाला शेवटी हाताने केलेला कावळाच शिवणार होता. हे सरांना नक्की आवडलं असतं, असं माझ्या मनात आलं, पण घाटावर बोलायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. पदर सावरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कारकुनात दुसऱ्याचा हात जाणार नाही. मी बघते."

कावळा आला. पिंडाला शिवला, आणि मग सगळं खाल्लं.

माणसांनी डोळे पुसले. मला पलीकडे बघायची सवय लागलेली असल्यामुळे मी पाहिलं की तिकडच्या कुटुंबाचे पिंड तेवढ्यातच संपले होते. मी हे दिरांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही ग्रंथालयातच बऱ्या." वहिनी माझ्या पुढेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, ते मला कळलं नाही.

नंतर वहिनी कोथरूडला मुलाकडे राहायला गेल्या. सोसायटी मोठी, लिफ्टमध्ये आरसा. बाहुल्यांची ट्रंक माळ्यावर गेली. मुलगा वाईट नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण अशा हकिकतीत मुलाला वाईट करायची पद्धत आहे. त्याने ट्रंक उघडली तेव्हा कोंबडीच्या तुऱ्याला कसर लागलेली होती. त्याला वाटलं, आपल्याकडे हे सगळं मरून जाईल. त्याच सुमाराला हिंजवडीच्या एका कंपनीने विचारलं. मुलांना मोबाइलवर काहीतरी शिकवणारी कंपनी होती. त्यांना ओळखीचा चेहरा हवा होता. मुलाने कागद वाचले, वहिनींनी पेन्सिलने फुली केलेल्या जागी सह्या केल्या. वहिनींची समजूत अशी की कावळ्याचं चित्र वह्यांवर वगैरे छापणार. "छापू देत की," त्या म्हणाल्या होत्या. कागदात लिहिलं होतं की कारकून आणि बाई ही पात्रं, त्यांची नावं, त्यांचे हावभाव आणि कारकुनाची मूळ बाहुली, हे सगळं कंपनीचं होईल. बाईची मूळ बाहुली लागणार नव्हती. त्यांच्या पाहणीत असं निघालं होतं की आजच्या मुलांचं शिक्षिकेशी नातं जुळत नाही. मला या निष्कर्षाविरुद्ध फारसं बोलता येईना. कोंबडी वहिनींनी मला देऊन टाकली.

कागदाच्या मराठी प्रतीत बाहुलीला सगळीकडे 'कठपुतळी' म्हटलं होतं. कठपुतळी म्हणजे लाकडाची, दोऱ्यांची. कारकुनात लाकूड नाही आणि दोराही नाही. मी हे मुलाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "अहो, भावना समजून घ्या ना." करारात भावना समजून घ्यायच्या असतात हे मला नवीन होतं.

कंपनीतर्फे एक तरुण मुलगी आली. ब्रँड बघायची. हुशार, चटपटीत, आणि आल्या आल्या वहिनींच्या पाया पडली.

"आँटी, आय ग्रू अप विथ कारकून! म्हणजे माझी मम्मी कॅसेट लावायची. मी तर रडलेच ऐकून की सर गेले."

"बसा," वहिनी म्हणाल्या. "चहा घेता का?"

"मी ना, शुगर नाही घेत."

"बिनसाखरेचा आहे. आमच्याकडे मधुमेह आहे."

तिने टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. चकचकीत कागद, वर कारकुनाचं चित्र. "हे आमचं बायबल. कॅरेक्टर बायबल."

"ख्रिश्चन कंपनी आहे का?" वहिनींनी विचारलं.

"नाही नाही आँटी, तसं म्हणतात फक्त. कारकूनला कोणीही, कधीही यूज करेल ना, तरी तो सेम राहायला पाहिजे. म्हणून सगळे रूल्स यात."

पुस्तक मी घरी नेऊन वाचलं. माझ्या माहितीप्रमाणे ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी मी एकटीच. कारकुनाचा काळा रंग कोणता काळा, उपरणं किती बोटं रुंद, तो काय खातो आणि काय खात नाही, हे सगळं त्यात होतं. 'मान' या मथळ्याखाली लिहिलं होतं: डावीकडे बारा अंश. अर्थ: कुतूहल, उत्साह, शिकण्याची आवड. सरांच्या अर्ध्या बोटाचा उल्लेख नव्हता. अगदी शेवटी, जाड अक्षरांत, एक नियम होता: मूळ बाहुली ताब्यात आल्यानंतर तिच्यात कोणत्याही परिस्थितीत, कोणीही, कंपनीनेही, कसलाही बदल, दुरुस्ती, उसवण अथवा कापाकापी करू नये. उल्लंघन झाल्यास काय होईल ते पुढचं अख्खं पान होतं.

पुढच्या भेटीला ती मुलगी दोन नट घेऊन आली. दोघेही नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेले, दोघांना मिळून वीस बोटं. कंपनीने कारकुनाच्या हुबेहूब नकला शिवून आणल्या होत्या. दिवाणखान्यात, टीव्हीच्या पुढे, चाचणी झाली. मला बाईचे संवाद म्हणायला सांगितलं; म्हणजे त्या दिवशी मी कंपनीच्या परवानगीने माझ्याच आवाजात बोलले.

"म्हणजे मंजूर झाला की नाही?" मी विचारलं.

पहिल्या नटाच्या कावळ्याने मान हलवली. खाली, वर. खाली, वर. स्वच्छ होकार.

दुसऱ्या नटाने करून पाहिलं. त्याने मान मुद्दाम तिरकी धरली, तर कावळ्याला उसण भरल्यासारखं दिसलं. पण होकार तो होकारच.

"हा कामाला लागलेला दिसतो," वहिनी म्हणाल्या.

मुलगी म्हणाली, "काहीतरी मिसिंग आहे ना? क्यूट आहे, बट काहीतरी मिसिंग."

दुसरा नट म्हणाला, "मॅम, एकदा ओरिजिनलमध्ये हात घालून बघू दे. आत काय आहे ते कळलं की जमेल."

"आता नको, पेपरवर्क आहे. हँडओव्हर झाला की लगेच. तेव्हा तो आपलाच असेल."

वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. एक कप बशीवर जरा जोरात बसला, एवढंच.

ती मंडळी गेल्यावर वहिनींनी मुलाला विचारलं, "हा त्याच्यात हात घालणार?"

"आई, बघणार फक्त. शिकायला."

"मी शब्द दिलाय."

"अगं, तू सहीपण दिलीस ना."

"सही कावळ्याची दिली. हाताची नाही दिली."

"आई, घाटावर माणूस काहीही बोलतो. मीसुद्धा प्रदर्शनाचं बोललो होतो."

"ते माहितीये मला," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर तो तुझ्या वेळेला आला नाही."

मुलगा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी कोंबडी पिशवीत भरली. खरं तर मी मुलाच्या बाजूची होते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द हा एकतर्फी व्यवहार असतो आणि तो कावळ्याच्या साक्षीने झाला असेल तर साक्षीदाराच्या भुकेचाही विचार करायला हवा, असं माझं मत होतं. पण तो स्वच्छ होकार मीही पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

"तुम्ही ते बायबल वाचलंत ना सगळं?"

"वाचलं."

"ताब्यात गेल्यावर उसवता येत नाही त्यांना?"

"नाही. कुणालाच नाही."

"आणि ताब्यात जाईपर्यंत कारकून कुणाचा?"

"तुमचा."

"मग आज दुपारी मास्तरांकडे येता का?"

मास्तर म्हणजे आमच्या बाहुल्या शिवणारे शिंपी. त्यांचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत, आजोबांच्या वेळेपासूनचं. आजोबा संस्थानिकांचे अंगरखे शिवत, वडील नाटक कंपन्यांचे, आणि मास्तर शाळेचे गणवेश. कारकुनाची मान पहिल्यांदा त्यांनीच शिवली होती. शुक्रवार होता, त्यामुळे नमाज आटोपून ते दुकान उघडेपर्यंत आम्ही समोरच्या पायरीवर बसलो.

वहिनींनी पिशवीतून कारकून काढून टेबलावर ठेवला. हात नसल्यामुळे तो पालथा पडला.

"याला शिवायचंय," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिलं. "शिवलाय की. कुठे उसवलाय?"

"उसवला नाही. खालून शिवायचाय. बंद."

"बंद? मग हात कुठून घालायचा?"

"घालायचा नाही."

मास्तरांनी चष्मा काढला. वहिनींनी त्यांना हकिकत सांगितली, घाटापासून, चार-पाच वाक्यांत. मास्तर पेठेतच वाढलेले. दहाव्याचा कावळा काय असतो हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे कावळा शिवला की झालं, आणि आता कावळा मी शिवायचा."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तेवढं राहिलंय."

"दोरा कुठला लावू? पांढरा चालेल?"

"काळा. कावळा आहे, मास्तर."

"नाही, आतल्या बाजूने म्हणत होतो." ते दोरा शोधायला लागले, मग थांबले. "वहिनी, नुसता बंद केला तर मान लोंबेल. आत काहीतरी भरावं लागेल."

त्यांनी कापूस भरून पाहिला. मान ताठ उभी राहिली. कारकून एकदम अधिकारी दिसायला लागला. वहिनींनी नुसती मान हलवली. ती नकाराची होती. कापूस निघाला.

मास्तर मागे वळले आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्यांचा गठ्ठा काढला. शाळेचे गणवेश ज्या वहीत होते तिच्या मागच्या पानांवर त्यांना हवं ते सापडलं. पान पिवळं पडलेलं, अक्षर पेन्सिलीचं: सरांचा उजवा हात. मनगट, तळवा, प्रत्येक बोटाची लांबी. तर्जनीपुढे आकडा होता आणि त्यापुढे कंसात 'अर्धं'.

"हे माप कशाला घेतलं होतंत?" मी विचारलं.

"तुम्ही शर्ट शिवता तेव्हा अंगाचं माप घेतात ना?" मास्तर म्हणाले. "याच्या अंगात हात होता."

त्यांनी पांढऱ्या मांजरपाटाचा एक हात कापला, शिवला आणि उलटवला. त्यात कापूस दाबून भरला. पाच बोटं, एक अर्धं. टेबलावर तो हात ठेवला तेव्हा वहिनींनी दुकानाबाहेर कुणाची तरी स्कूटर चालली होती तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांनी तो हात कारकुनात सरकवला. मधलं बोट डोक्यात गेलं, खोड मानेला टेकलं. कारकुनाची मान डावीकडे कलली.

"बारा अंश," मी म्हटलं.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. कुतूहल आणि उत्साह."

मग त्यांनी खालची कड दुमडली आणि काळ्या दोऱ्याने, हाताने, बारीक टाक्यांत ती बंद केली. मशीनवर घेतली नाही. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "घ्या वहिनी. शिवला."

वहिनींनी शिलाई विचारली. मास्तर म्हणाले, गणवेशांच्या हंगामात बघू.

हस्तांतराला आम्ही हिंजवडीला गेलो. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून मी सोबत गेले. कंपनीने गाडी पाठवते म्हटलं होतं, पण वहिनी बसनेच निघाल्या; कारकून मांडीवर, पिशवीत. काचेची इमारत होती. खालच्या दालनात फुगे, फिती, आणि एक काचेची पेटी, आतून दिवा लावलेली. मोठे साहेब दोन भाषांत बोलले. वारसा, वारसा आणि पुन्हा एकदा वारसा. त्यानंतर आम्हा दोघींना एकेक शाल आणि नारळ मिळाला. नारळाला कंपनीचं चिन्ह चिकटवलेलं होतं.

ब्रँडच्या मुलीने कारकून हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "ओ माय गॉड! बघा ना, काहीच सपोर्ट नाहीये आणि मान बघा! परफेक्ट!"

दुसरा नट बाह्या सरसावून पुढे झाला. तिने कारकून त्याच्यापुढे धरला. तो खालून हात घालायला गेला, आणि हात कुठेच जाईना. त्याने तो उलटा करून पाहिला.

"मॅम, हे बंद आहे."

"बंद कसं असेल?" तिने पाहिलं. बोटाने टाके चाचपले. "आँटी, हे शिवलंय?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "शिवला."

"पण... आत काय आहे?"

"हात आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्याकडचं पुस्तक उघडून शेवटचा नियम दाखवला. जाड अक्षरं होती, त्यामुळे चष्मा लागला नाही. तिने तो वाचला, मग पुढचं पान वाचलं, मग साहेबांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्यापुढे नारळ धरून उभे होते. आता कारकून कंपनीच्या ताब्यात होता, आणि कंपनीला त्याचा टाका काढता येत नव्हता.

"इट्स ओके," ती शेवटी म्हणाली. तिने कारकून पेटीत ठेवला. पेटीला कुलूप लागलं. बाहेर पितळी पाटी होती: 'कारकून: तो सदैव हो म्हणतो!'

वहिनींनी पाटी वाचली. पेटीतल्या कारकुनाकडे पाहिलं. तो डावीकडे मान कलवून पाटीच्या मागच्या बाजूकडे बघत होता.

"मोबाइलवर काढणार आता त्याला?" त्यांनी मुलीला विचारलं.

"हो आँटी, ॲनिमेशन. सगळं कॉम्प्युटरवर."

"त्यात हात घालावा लागत नाही?"

"नाही नाही. हात लागतच नाही."

"मग चालेल," वहिनी म्हणाल्या.

पुढे ॲनिमेशन आलं. मी पाहिलं. त्यातला कारकून मुलांना पाढे म्हणायला लावतो आणि बरोबर आलं की जोरजोरात मान हलवतो, खाली-वर, खाली-वर. मुलांना आवडतो म्हणे.

त्या दिवशी परतीच्या बसला गर्दी होती, पण दोघींना जागा मिळाली. वहिनींनी मोकळी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली होती, दोन्ही नारळ माझ्या पायाशी. चांदणी चौकाच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा की."

"दहाव्याला तुम्ही दिरांना काय सांगत होतात? शेजारच्यांचे पिंड संपले म्हणून तो आला, असं?"

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या. घाटावर बघत होत्या तशी.

"खरंच तसं होतं का?"

आयुष्यभर कोंबडीच्या बाजूने मी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. उत्तर द्यायची पाळी कधी आली नव्हती. मी मान हलवली. होकाराने सुरुवात केली होती बहुतेक. पुढे ती जरा डावीकडे गेली.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, आणि म्हणाल्या, "अर्ज पोचला."

पुढची गाडी हलली. कंडक्टर नारळ बाजूला घ्या म्हणाला.